स्लॅशर ट्रेलरच्या प्लॅनिंगसाठी स्टोरीबोर्डर: वापरून झाल्यावरचा सविस्तर रिव्ह्यू

फिल्म प्रोजेक्टला स्लॅशर हॉररचा, म्हणजे मारेकरी एकेकाला गाठून मारतो त्या प्रकारचा, ट्रेलर करायचा ठरला की ग्रुपमध्ये पहिली चर्चा कशाची होते, तर मास्क कुठला, रक्त कसं बनवायचं, रात्री शूट करायला परवानगी मिळेल का. प्लॅनिंगचं नाव काढलं की कोणीतरी वहीत सहा चौकोन आखतं, त्यात काड्यांची माणसं काढतं आणि झालं प्लॅनिंग. आम्ही यावेळी वंडर युनिटचं स्टोरीबोर्डर, म्हणजे शॉट्स चित्रांच्या क्रमाने मांडायचं (स्टोरीबोर्डचं) सॉफ्टवेअर, घेतलं आणि अख्खा ट्रेलर त्यात उभा करून, चालवून बघून मगच कॅमेरा बाहेर काढला. विद्यार्थ्यांच्या हॉरर ट्रेलरसाठी प्लॅनिंगच्या टप्प्यावर यापेक्षा उपयोगी फुकट सॉफ्टवेअर मी तरी वापरलेलं नाहीये, आणि ते का हे जरा नीट सांगायचंय कारण बहुतेक जण याला चित्र काढायचं अ‍ॅप समजून सोडून देतात.

आधी पटकन माहिती. स्टोरीबोर्डर पूर्ण मोफत आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं. नवीन प्रोजेक्ट उघडताना आस्पेक्ट रेशो, म्हणजे फ्रेमच्या रुंदी-उंचीचं प्रमाण, विचारतं, तो तिथेच विचार करून ठरवा, कारण पुढची सगळी फ्रेमिंग त्यावर बसते. आम्ही रुंद सिनेमास्कोपवाली फ्रेम घेतली. स्लॅशरमध्ये माणूस फ्रेमच्या एका टोकाला आणि उरलेली सगळी जागा रिकामी, असं ठेवलं की बघणाऱ्याची नजर आपोआप त्या रिकाम्या जागेत शोधाशोध करायला लागते, आणि ती मोकळी जागा रुंद फ्रेममध्ये जास्त मिळते.

आता मुद्द्याचं. प्रत्येक बोर्डला, म्हणजे प्रत्येक चित्राला, इथे एक वेळ असते. नवीन बोर्ड घेतला की सुरुवातीला दोन सेकंद असतात, ते तुम्ही बदलायचे, मिलिसेकंदात किंवा फ्रेम्समध्ये. मग प्ले दाबलं की सगळे बोर्ड त्या त्या वेळेप्रमाणे एकामागून एक चालतात आणि तुमच्यासमोर ट्रेलरचा कच्चा सांगाडा पळायला लागतो. वाचायला साधं वाटेल पण स्लॅशर ट्रेलर बिघडतो किंवा जमतो तो इथेच. वहीतल्या स्टोरीबोर्डमध्ये सगळे चौकोन सारखे दिसतात, दरवाज्याकडे बघत थांबलेली मुलगी आणि सुरीचा वार दोन्ही एकाच मापाचे. पडद्यावर मात्र पहिला शॉट सहा सेकंद टिकला पाहिजे आणि दुसरा बारा फ्रेम्स, म्हणजे सेकंदाला चोवीस फ्रेम्सच्या हिशोबाने अर्धा सेकंद. भीती त्या सहा सेकंदांत तयार होते, वार फक्त ती फोडतो. ट्रेलर आधी वेळेत प्लॅन करायचा असतो आणि चित्रात नंतर, आणि हे सॉफ्टवेअर तुमच्याकडून तेच करून घेतं कारण वेळेचा चौकोन कायम डोळ्यासमोर असतो.

आमची गोष्ट अशी होती की नाटकाची रिहर्सल संपल्यावर पाच जण ऑडिटोरियममध्ये मागे राहतात, दारं बाहेरून बंद झालेली असतात आणि प्रॉपर्टीच्या पेटीतला एक मुखवटा गायब असतो. ट्रेलर दीड मिनिटाचा. पहिली पंचवीस-तीस सेकंद फक्त नेहमीचं वातावरण, हसणं-खिदळणं, कोणीतरी लाईट बंद करतंय. बोर्ड मांडून चालवून बघितल्यावर ग्रुपमध्ये दोन तट पडले, एकाचं म्हणणं हा भाग कापा, बोर होतोय, माझं म्हणणं उलट होतं की हा भाग आहे म्हणूनच पुढचं अंगावर येईल. मग कापायच्या ऐवजी आम्ही त्याच बोर्डांच्या वेळा उतरत्या केल्या, चार सेकंद, मग साडेतीन, मग तीन, मग अडीच. कोणाला सांगितल्याशिवाय कळणारही नाही पण आत काहीतरी आवळत जातंय असं वाटायला लागतं. आणि हे करायला लागलं काय, तर आकडे बदलले. एकही शॉट शूट झालेला नव्हता, कोणाचा रविवार वाया गेलेला नव्हता. एडिटिंगच्या टेबलावर हा वाद झाला असता तर हातात असलेल्या फुटेजमध्येच मारामारी करावी लागली असती.

तसंच शेवटचं. स्लॅशर ट्रेलरमध्ये ठरलेली चाल असते, झटपट कट्स, किंकाळी, काळा पडदा, टायटल, आणि टायटलनंतर एक शेवटचा धक्का. आम्हीही तो ठेवला, पण काळा पडदा किती वेळ ठेवायचा हे बोर्डवर तासून ठरवलं. काळाकुट्ट रिकामा बोर्ड घेऊन त्याला अर्धा सेकंद, एक, दीड, दोन अशा वेळा देऊन बघितल्या. एक सेकंदात प्रेक्षक तयारच असतो, त्याला माहितीये काहीतरी येणार. दोनच्या पुढे गेलं की त्याला वाटतं संपलं बहुतेक, खांदे सैल पडतात, आणि तेव्हा धक्का द्यायचा. हे आमच्या ट्रेलरचं गणित झालं, तुमचं वेगळं असेल, पण ते चालवून बघितल्याशिवाय कळणार नाही हे नक्की.

हे सगळं विद्यार्थ्यांचे लाड आहेत असं कोणाला वाटत असेल तर हिचकॉकचा सायको आठवा, १९६० चा. त्यातल्या शॉवरच्या सीनचे स्टोरीबोर्ड ग्राफिक डिझायनर सॉल बासने काढले होते. खुनाचा भाग पडद्यावर जेमतेम पाऊण मिनिटाचा आहे आणि त्याच्या शूटिंगला आठवडाभर लागला. इतके तुकडे, इतके अँगल, हे सेटवर जाऊन सुचेल तसं घेता येत नाही. सुरी अंगात शिरताना दाखवायच्या ऐवजी तुकड्यांच्या वेगाने आणि आवाजाने ते डोक्यात घडवायचं, हे सगळं कागदावर आधी ठरलेलं असावं लागतं.

दुसरी गोष्ट जिच्यासाठी मी हे सॉफ्टवेअर कोणालाही सुचवेन ती म्हणजे शॉट जनरेटर. ज्यांना चित्र काढता येत नाही त्यांच्यासाठी तर हे वरदानच आहे. यात थ्रीडी पुतळे ठेवता येतात, मोठी माणसं, टीनएजर, लहान मुलं, त्यांना वाकवायचं, बसवायचं, पळतानाची पोझ द्यायची, खोलीच्या भिंती उभ्या करायच्या, खुर्च्या-टेबलं टाकायची आणि कॅमेरा पाहिजे तिथे नेऊन ठेवायचा. लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्स किती रुंद किंवा किती जवळचं दाखवते ते, बदलता येते. बाजूला वरून बघितल्यासारखा नकाशा असतो ज्यात कोण कुठे उभं आहे आणि कॅमेरा कुठून कुठे बघतोय ते दिसतं.

स्लॅशरमध्ये जागेचा नकाशा प्रेक्षकाच्या डोक्यात पक्का बसवावा लागतो, नाहीतर पाठलाग हा फक्त धावपळ होतो. मुलगी स्टेजच्या डावीकडून विंगेत पळाली आणि पुढच्या शॉटमध्ये मारेकरी उजवीकडून आला तर तो तिच्या मागे आहे की समोर हेच कळत नाही. आम्ही ऑडिटोरियमची मापं पावलांनी मोजून घेतली, अंदाजे तशीच जागा शॉट जनरेटरमध्ये मांडली आणि वरच्या नकाशात एक रेघ मनात धरून सगळे पाठलागाचे कॅमेरे तिच्या एकाच बाजूला ठेवले. कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा हा एकशे ऐंशी अंशांचा नियम वर्गात शिकवलेला असतो, पण इथे तो हाताने करून बघता येतो. आणि मग एका शॉटला मुद्दाम रेघ ओलांडली, ती पूर्ण गोंधळून जाते तेव्हा, तर तो गोंधळ बघणाऱ्यालाही जाणवला.

मारेकऱ्याच्या डोळ्यांनी दिसणारे शॉट्स, म्हणजे पीओव्ही, हा या प्रकारचा हक्काचा दागिना. १९७८ च्या हॅलोवीन या सिनेमाची सुरुवातच अशा एका लांबलचक, सलग वाटणाऱ्या शॉटने होते. विद्यार्थी मंडळी यात हमखास एक गोष्ट विसरतात ती म्हणजे कॅमेऱ्याची उंची. पुतळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा नेऊन बघा आणि मग तोच कमरेच्या उंचीवर आणून बघा, दुसरा शॉट कोणाचाच वाटत नाही. आम्ही पीओव्हीचे बोर्ड वेगळ्या खुणेने मार्क केले आणि नियम केला की पीओव्ही आला की श्वासाचा आवाज असणारच, मग पुढे एका शॉटमध्ये श्वास आहे पण कॅमेरा स्थिर आहे, तिथे लोक आपोआप ताठ होतात.

आणि सुरक्षितता, हे मला जोर देऊन सांगायचंय. सुरी माणसाच्या जवळ आहे असं दाखवायला सुरी माणसाच्या जवळ न्यावी लागत नाही. कॅमेरा लांब ठेवून लांब फोकल लेंग्थ वापरली की पुढच्या-मागच्या दोन गोष्टींमधलं अंतर दिसायला कमी होतं. शॉट जनरेटरमध्ये मारेकरी आणि मुलगी यांच्यात चांगलं दोन-तीन पावलांचं अंतर ठेवून वेगवेगळ्या लेन्स लावून बघितल्या आणि जिथे अंतर मिटल्यासारखं वाटलं तो शॉट ठरवला. प्रॉप रबराचाच पाहिजे, खऱ्या पात्याची सुरी सेटवर आणायचीच नाही, क्लोजअपलाही नाही, आणि वाराचा शॉट हात खाली येताना कापायचा. हे सगळं आधी बोर्डवर असेल तर शूटच्या वेळी घाईत कोणी काहीतरी धाडसी करत नाही.

प्रत्येक बोर्डखाली डायलॉग, अ‍ॅक्शन आणि नोट्स असे रकाने असतात. नोट्सचा रकाना आम्ही रक्ताच्या हिशोबासाठी वापरला, बाहीवर डाग आहे की नाही, कुठल्या हातावर, ओला की सुकलेला. ट्रेलर क्रमाने शूट होत नाही त्यामुळे ही नोंद नसेल तर डाग येतात-जातात. मास्कचं पण तसंच, कुठल्या बोर्डमध्ये तो किती दिसतो हे लिहून ठेवलं. माझं ठाम मत आहे की ट्रेलरमध्ये मास्क पूर्ण, उजेडात, समोरून एकदाच दिसावा, बाकी सगळीकडे कडा, सावली, काचेतलं अर्धं प्रतिबिंब. बोर्ड एका ओळीत बघितले की मास्क कितीदा आलाय हे पटकन मोजता येतं आणि आम्ही त्यातले बरेच काढून टाकले. मास्कसाठी खर्च करायची गरज नसते हेही सांगते, हॅलोवीनमधला तो प्रसिद्ध चेहरा म्हणजे स्टार ट्रेकमधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनरचा, दुकानात मिळणारा मुखवटा होता, त्याला पांढरा रंग दिला आणि थोडे बदल केले, बस.

आवाज. प्रत्येक बोर्डला आवाज जोडता येतो, तिथल्या तिथे माईकवर रेकॉर्ड करता येतो किंवा तयार फाईल टाकता येते. आम्ही तोंडानेच श्वास, पावलं, दार करकरणं सगळं रेकॉर्ड केलं आणि बोर्डांना लावलं. फरक प्रचंड पडतो. दिग्दर्शक जॉन कारपेंटरने हॅलोवीन संगीत आणि इफेक्ट्सशिवाय स्टुडिओतल्या एका एक्झिक्युटिव्हला दाखवला होता तेव्हा तिला अजिबात भीती वाटली नव्हती, मग त्याने स्वतः संगीत केलं आणि त्या पियानोशिवाय आता तो सिनेमा आठवतच नाही. त्यामुळे मूक बोर्ड चालवून ट्रेलर फसला असा निर्णय घेऊ नका, आधी आवाज घाला.

पण इथेच सॉफ्टवेअरची मर्यादा पण येते. एडिटिंग सॉफ्टवेअरसारखे एकावर एक आवाजाचे ट्रॅक रचायची सोय इथे नाही. श्वास, त्याखाली एक खालच्या पट्टीतली घरघर, त्यावर दूरची हाक, असं थरावर थर करायचं असेल तर बाहेर पडावं लागतं. आम्ही बोर्ड एक्सपोर्ट करून दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत टाकले आणि तिथे फेअरलाईट या आवाजाच्या पेजवर आवाज बसवले. तात्पुरते आवाज फ्रीसाऊंड या वेबसाइटवरून घेतले, तिथे प्रत्येक आवाजाचं लायसन्स वेगळं असतं, काहींना श्रेय द्यावं लागतं, काही व्यावसायिक वापराला चालत नाहीत, त्यामुळे फाईल डाऊनलोड करतानाच लायसन्स एका कागदावर उतरवून ठेवा, महिन्याभराने शोधत बसणं फार त्रासाचं. वार पडल्याचा आवाज मात्र स्वतःच बनवा, सायकोमध्ये तो खरबुजाच्या जातीतल्या फळात सुरी खुपसून केला होता, कोबी पण छान चालतो.

स्क्रिप्ट फाऊंटन फॉरमॅटमध्ये, म्हणजे साध्या टेक्स्टमध्ये, लिहिली असेल तर ती थेट आत घेता येते आणि सीनप्रमाणे बोर्ड मांडता येतात. ट्रेलरला संवाद चार-पाचच असतात म्हणून आम्हाला याचा फार फायदा झाला नाही, शॉर्टफिल्मला होईल. हाताने कागदावर काढणाऱ्यांसाठी वर्कशीट प्रिंट करता येतं, त्यावर पेन्सिलने काढायचं आणि फोटो काढून परत आत घ्यायचं, आमच्यातल्या एकाला पेन्सिलच जमते, तो तसंच करत होता आणि त्याचेच बोर्ड सगळ्यात जिवंत होते.

काय खटकलं तेही सांगते. फोनवर चालत नाही, लॅपटॉप लागतोच, आणि ज्या ग्रुपमध्ये एकाकडेच लॅपटॉप आहे तिथे सगळं त्याच्यावर येऊन पडतं. एकाच वेळी दोघांनी ऑनलाईन बसून काम करायची सोय नाही, फाईल इकडून तिकडे पाठवत राहायची, त्यामुळे फाईलच्या नावात तारीख आणि काम करणाऱ्याचं नाव टाकायची सवय लावा. ट्रेलरमधल्या टायटल कार्ड्ससाठी वेगळं टूल नाही, हाताने लिहायची किंवा बाहेर बनवून चित्र म्हणून आणायची, आणि स्लॅशर ट्रेलरमध्ये तीन-चार कार्ड्स असतातच तेव्हा हे जाणवतं. ब्रश मोजकेच आहेत, चित्रकाराचं समाधान होणार नाही, पण स्टोरीबोर्डला तेवढे पुरतात, उलट जास्त असते तर आम्ही शेडिंग करत बसलो असतो. माऊसने काढणं कंटाळवाणं आहे, पेन टॅबलेट असेल तर मजा येते, नसेल तर शॉट जनरेटरवर भर द्या.

अंधाराचं पण थोडं जपून. शॉट जनरेटरमध्ये लाईट ठेवता येतात पण तो अंदाज आहे, तुमच्या कॅमेऱ्याला खऱ्या काळोखात काय दिसेल ते त्यावरून कळत नाही. विद्यार्थ्यांच्या हॉररमध्ये सगळ्यात जास्त शॉट्स फुकट जातात ते यामुळे, की डोळ्याला भारी वाटणारा अंधार कॅमेऱ्यात नुसता दाणेदार चिखल होतो. बोर्ड झाल्यावर एक संध्याकाळ फक्त लाईट टेस्टला द्या, एक लाईट मागून, जेणेकरून डोकं आणि खांद्याची कड उठून दिसेल, आणि चेहरा अंधारात. प्रत्येक अंधाऱ्या बोर्डच्या नोट्समध्ये लाईट कुठून येतोय ते लिहा. खिडकी, मोबाईल, टॉर्च, एक्झिटचा लाल दिवा, काहीही, पण कारण पाहिजे.

शूटचं वेळापत्रक हे सॉफ्टवेअर करून देत नाही आणि तशी अपेक्षाही करू नका. बोर्ड गोष्टीच्या क्रमाने असतात, शूट जागेच्या क्रमाने होतं. आम्ही सगळे बोर्ड पीडीएफमध्ये काढले, प्रिंट घेतल्या, कात्रीने कापले आणि जमिनीवर जागेप्रमाणे ढीग लावले, स्टेज, विंग, मेकअप रूम, पार्किंग. मग प्रत्येक ढिगात रक्त नसलेले आधी आणि रक्तवाले शेवटी, कारण कपडे एकच जोडी. त्यावरून स्प्रेडशीटमध्ये शॉट लिस्ट केली, बोर्डचा नंबर, लेन्स, कोण लागणार, प्रॉप काय.

कोणासाठी आहे म्हणाल तर तीन-चार जणांचा ग्रुप, कॅमेरा साधा, दिवस कमी आणि ट्रेलर एक ते दोन मिनिटांचा, अशांनी डोळे झाकून घ्या. एकट्याने फोनवर शूट आणि फोनवरच एडिट करणाऱ्याला हे जड वाटेल, त्याने फोनमधले फोटो काढून तेच टाईमलाईनवर लावले तरी काम होईल, फक्त वेळ देऊन चालवून बघणं सोडू नये. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो टायटल कार्ड्स आणि एकत्र काम करण्याच्या सोयीसाठी.

जाता जाता एक अगदी कामाचं. पीडीएफची एक जादा प्रत काढून जागेच्या सिक्युरिटीला आणि आजूबाजूला राहणाऱ्यांना दाखवून ठेवा, तारीख आणि वेळेसकट. रात्री मास्क घालून हातात सुरी घेऊन पळणारा माणूस लांबून बघणाऱ्याला प्रॉप आहे हे कळत नाही, कोणीही घाबरून पोलिसांना फोन करेल आणि ते बरोबरच करेल. कॉलेजचं परवानगीपत्र आणि बोर्डची प्रत एकाच फाईलमध्ये ठेवा, ती फाईल कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या एकाच माणसाकडे असू द्या, आणि शॉट संपला की प्रॉप लगेच पिशवीत, तो हातात घेऊन कोणी चहा प्यायला बाहेर जायचं नाही.